हॅम्बर्गर आला कुठून आणि त्याचा माग काढत जावं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम्बर्गरच्या उगमाबद्दल आणि त्यासाठी करायच्या प्रवासाबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत अमेरिकेत मुलाकडे निघालेले आई-वडील आहेत, तिथे शिकणारी मुलं आहेत, आणि "आम्ही गोमांस खात नाही, पण ही गोष्ट आवडते" म्हणणारेही पुष्कळ आहेत. खाली सगळीकडे हांबुर्ग म्हणजे जर्मनीतलं बंदर आणि हॅम्बर्ग म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं गाव, असं समजावं; "हॅम्बर्ग स्टेक" हे मात्र पदार्थाचं नाव, आणि ते हांबुर्गवरून आलेलं. नावांतला हा गोंधळ अनेकांना चुकीच्या वाटेला नेतो.

१. हॅम्बर्गरमध्ये हॅम, म्हणजे डुकराचं मांस असतं का?

नाही. कोल्हापूरचं ते कोल्हापुरी, तसं हांबुर्गचं ते हॅम्बर्गर. आपण नुसतं "कोल्हापुरी" म्हटलं तरी चप्पल कळते, तसंच "हॅम्बर्गर स्टेक"मधला स्टेक पुढे गळून पडला. "बुर्ग" म्हणजे किल्ला. म्हणून "बर्गर" हा तुकडा तोडून त्याला चीज, चिकन, व्हेज जोडणं म्हणजे सिंधुदुर्गातला "दुर्ग" तोडून त्याला पदार्थाचं नाव करण्यासारखं आहे. भाषेत असं होतं आणि ते रुळतंही.

अमेरिकेत मात्र "हॅम्बर्गर" या शब्दाला सरकारी व्याख्या आहे: गाईबैलाच्या मांसाचा खिमा, त्यात चरबी जास्तीत जास्त ३० टक्के. त्यामुळे तिथे पाटीवर फक्त "हॅम्बर्गर" लिहिलं असेल तर ते गोमांसच समजा.

२. मग हा पदार्थ जर्मन की अमेरिकन?

मांस जर्मनीचं, पाव अमेरिकेचा, असं मी थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात हांबुर्ग हे युरोप सोडून जाणाऱ्यांचं मोठं बंदर होतं. तिथून लाखो माणसं न्यूयॉर्कला उतरली, आणि न्यूयॉर्कच्या खाणावळींत "हॅम्बर्ग स्टेक" मिळू लागला: चिरलेलं किंवा खिमा केलेलं मांस, कांदा, मसाला, कधी कच्चं, कधी भाजलेलं. तो ताटात वाढायचे आणि काट्या-सुरीने खायचे.

हा स्टेक म्हणजे हॅम्बर्गर नव्हे. तो पावात शिरला तेव्हा हॅम्बर्गर झाला, आणि पावात शिरण्याचं कारण कामगार आहेत. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्समध्ये १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्रपाळीवाल्यांना जेवण विकू लागला. पुढे अशा गाड्या कारखान्यांच्या दारांशी उभ्या राहू लागल्या. तिथे ताट नव्हतं, बसायला जागा नव्हती, सुट्टी थोडी होती. हातात धरून, उभ्याने, चालत खाता येईल असंच काही हवं होतं. त्यामुळे हॅम्बर्गरचा शोध मांसाचा नाही, तो पावाचा आहे, असं माझं मत आहे, आणि खालची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

दोन गोष्टींशिवाय हे घडलं नसतं. एक, हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र, ज्यामुळे चिवट, स्वस्त मांसही खाण्याजोगं झालं. दुसरी, शिकागो. तिथली यूनियन स्टॉकयार्ड्स, म्हणजे कत्तलीसाठीच्या जनावरांचा मोठा बाजार, १८६५ साली सुरू झाली आणि बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून ताजं मांस देशभर जाऊ लागलं. ही स्टॉकयार्ड्स १९७१ साली बंद झाली, पण त्यांची चुनखडी दगडाची कमान शिकागोत अजून उभी आहे. तिथे पाटी वाचण्यापलीकडे काही करण्यासारखं नाही, तरी मी ती चुकवू नका म्हणेन.

३. मंगोल किंवा तातार स्वार खोगिराखाली मांस ठेवून मऊ करायचे, तिथून बर्गर आला, हे खरं का?

ही गोष्ट छान आहे, पण तिच्यावर विसंबू नका. खोगिराखालचं मांस घोड्याच्या पाठीवरच्या जखमांसाठी असायचं, असंही जाणकार सांगतात. तातारांपासून न्यूयॉर्कच्या खाणावळीपर्यंत सलग दुवा कोणी दाखवलेला नाही. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज या प्रसिद्ध उपाहारगृहाच्या १८३४च्या मेनूकार्डावर हॅम्बर्ग स्टेक होता, हेही सगळीकडे वाचायला मिळतं. ते कार्ड त्या सालचं नसल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे.

४. पावात पॅटी, म्हणजे खिम्याची चपटी टिक्की, पहिल्यांदा नेमकी कोणी घातली?

दावेदार बरेच आहेत, आणि प्रत्येक गाव आपल्या माणसासाठी अगदी मनापासून भांडतं.

*सेमूर, विस्कॉन्सिन, १८८५.* चार्ली नॅग्रीन हा पंधरा वर्षांचा मुलगा जत्रेत मांसाचे गोळे विकत होता. ते चालता चालता खाता येईनात, म्हणून त्याने गोळा चपटा करून दोन पावांच्या मध्ये दिला. "हॅम्बर्गर चार्ली" या नावाने तो १९५१ साली मरेपर्यंत दरवर्षी त्या जत्रेत बर्गर विकत राहिला.

*हॅम्बर्ग, न्यूयॉर्क, १८८५.* ओहायोचे फ्रँक आणि चार्ल्स मेंचेस हे भाऊ एरी काउंटीच्या जत्रेत डुकराच्या मांसाचे सॉसेज विकायचे. ते मांस संपलं. खाटकाकडे गोमांस होतं, पण त्याला चव येईना, म्हणून भावांनी त्यात कॉफी आणि ब्राउन शुगर घातली, आणि गावाचं नाव पदार्थाला दिलं. ही त्या घराण्यात सांगितली जाणारी गोष्ट आहे.

*अथेन्स, टेक्सास, १८८० च्या दशकाची अखेर.* फ्लेचर डेव्हिस नावाच्या कुंभारकाम करणाऱ्या माणसाने न्यायालयाच्या चौकातल्या दुकानात बर्गर विकला आणि १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात नेला, असं तिथले लोक सांगतात.

*टल्सा, ओक्लाहोमा, १८९१.* ऑस्कर वेबर बिल्बीने ४ जुलैच्या मेजवानीत घरी भाजलेल्या गोल बनमध्ये पॅटी दिली.

*न्यू हेवन, कनेक्टिकट, १९००.* डॅनिश स्थलांतरित लुई लासेनच्या "लुईज लंच"मध्ये एक घाईतला गिऱ्हाईक आला आणि काहीतरी झटपट हातात द्या म्हणाला. लासेनने भाजलेलं मांस टोस्टच्या दोन कापांत घालून दिलं.

या कथा एकामागून एक वाचल्या की लक्षात येतं, सगळ्यांत गर्दी किंवा घाई आहे, काहीतरी संपलेलं किंवा अडलेलं आहे, आणि ताट नाही. म्हणून मला यांतला कोणी खोटं बोलतोय असं वाटत नाही. एकाच गरजेतून हे अनेक ठिकाणी सुचलं असावं.

५. पण मग कागदोपत्री पुरावा कोणाचा आहे?

छापील पुरावा या दावेदारांपैकी कोणाचाच निर्णायक नाही. १८९० च्या दशकातल्या टेक्सास, शिकागो अशा एकमेकांपासून दूरच्या भागांतल्या वर्तमानपत्रांत "हॅम्बर्गर स्टेक सँडविच" असे शब्द सापडतात, तेही वाचकाला समजावून न सांगता. म्हणजे तोवर लोकांना ते ठाऊक होतं. त्यामुळे १९०० चा दावा "पहिला" म्हणून टिकणं कठीण आहे, आणि १८८५ चे दोन्ही दावे शक्य असले तरी ते आठवणींवर उभे आहेत.

सरकारी ठरावांना पुरावा समजू नका. टेक्सास आणि विस्कॉन्सिन या दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांत २००७ च्या सुमारास आपापल्या गावाला मान देणारे ठराव झाले. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरने १९९५ सालीच टल्साच्या बाजूने घोषणा केली होती. त्यातला मुद्दा विचार करण्यासारखा आहे: अथेन्समध्ये साधा पाव होता, बन आमच्याकडे होता. म्हणजे भांडण माणसांचं कमी आणि व्याख्येचं जास्त आहे. पाव चालत असेल तर सेमूर किंवा हॅम्बर्ग, बनच हवा असेल तर टल्सा.

६. आम्हाला एकाच ठिकाणी जाता येईल. कुठे जावं?

न्यू हेवनला, लुईज लंचमध्ये. पाचव्या उत्तरात त्यांचा दावा मी कमकुवत म्हटलं, तरीही तिथेच जा. बाकी ठिकाणी पुतळे, पाट्या आणि उत्सव आहेत. इथे जुनी पद्धत रोज चालू आहे. १८९० च्या दशकातल्या बिडाच्या उभ्या शेगड्यांत मांस जाळीत अडकवून उभंच भाजतात, दोन्ही बाजू एकाच वेळी. पाव म्हणजे साधा टोस्ट, वर टोमॅटो, कांदा, चीज. दुकान लाल विटांचं, एका खोलीएवढं. १९७५ साली मूळ जागा पाडली जाणार होती तेव्हा ही इमारतच उचलून क्राउन स्ट्रीटवर आणली, आणि नव्या भिंतींसाठी लोकांनी ठिकठिकाणाहून विटा पाठवल्या. जुन्या बाकांवर गिऱ्हाइकांनी कोरलेली नावं आहेत. मी तिथे पोहोचले तेव्हा शेगडीची झाकणं उघडण्या-मिटण्याचा आवाज ऐकत बराच वेळ नुसती उभी राहिले.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची लोकल साधारण दोन तासांत न्यू हेवनला पोहोचवते. येल विद्यापीठ तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे मुलांना भेटायला आलेल्यांचं हे सहज जमतं.

७. तिथे केचप मागितला तर देत नाहीत, हे खरं का?

खरं आहे. केचपही नाही आणि मोहरीचा सॉसही नाही. हा त्यांचा जुना नियम आहे, वाद घालू नका.

८. जर्मनीतल्या हांबुर्गमध्ये बर्गरचं काय पाहायला मिळतं?

बर्गरचं संग्रहालय शोधायला गेलात तर निराश व्हाल. शोधायचं ते बंदर. फेडेल भागात "बालिनश्टाट" हे स्थलांतराचं संग्रहालय २००७ साली उघडलं. अल्बर्ट बालिनच्या जहाज कंपनीने अमेरिकेला निघालेल्यांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे निवासगृहं बांधली होती. १८९२ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर प्रवाशांना शहरापासून वेगळं ठेवायचं होतं, हे त्यामागचं एक कारण. तीन इमारती त्याच जागी पुन्हा उभ्या केल्या आहेत. शहरातून एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, फेडेल स्थानकावर उतरायचं आणि थोडं चालायचं. वेळ असेल तर लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावरही जा.

खायला "रुंडश्टुक वार्म" मागा. रुंडश्टुक हा गोल पावाला हांबुर्गचा खास शब्द. त्यात भाजलेल्या मांसाचा काप घालून वरून गरम रस्सा ओततात. काही जण यालाच बर्गरचा पूर्वज म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण रश्श्यामुळे तो हातात धरताच येत नाही (उत्तर २ पाहा). फ्रिकाडेल, म्हणजे खिम्याची तळलेली टिक्की, मात्र पॅटीची जवळची नातलग आहे. ती पावात घालूनही विकतात. तिच्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्या.

९. आम्ही नायगाराला जाणारच आहोत. हॅम्बर्ग गाव वाटेत येतं का?

वाटेत नाही, पण जवळ आहे. अमेरिकेच्या बाजूने नायगारापासून सुमारे ५० किलोमीटर, बफेलो ओलांडून दक्षिणेला. एरी काउंटीची जत्रा अजूनही तिथेच, ऑगस्टमध्ये भरते. जत्रा नसताना गाव छोटं आणि शांत आहे, तेव्हा त्यासाठी मुद्दाम दिवस घालवू नका.

१०. सेमूर, अथेन्स आणि टल्सा एका सहलीत होतील का?

करू नका. अमेरिकेचा नकाशा कागदावर लहान दिसतो. शिकागोहून ग्रीन बे मोटारीने साडेतीन तासांच्या आसपास, आणि सेमूर ग्रीन बेपासून ३० किलोमीटरवर. ही एक वेगळी फेरी झाली. तिथे हॅम्बर्गर चार्लीचा पुतळा आहे, आणि २००१ साली ८,२६६ पौंडांचा, म्हणजे पावणेचार टनांच्या घरातला बर्गर तिथेच भाजला होता.

अथेन्स डॅलसपासून साधारण ११५ किलोमीटर आहे. नातेवाईक डॅलसला असतील तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. टल्सा डॅलसहून चारेक तासांवर. तिथे बिल्बीच्या घराण्याचं "वेबर्स" हे रूट बिअर (दारू नसलेलं गोड पेय) आणि बर्गरचं दुकान आहे. टल्सापर्यंत जाणार असाल तर ओक्लाहोमा सिटीजवळच्या एल रिनोचाही विचार करा. तिथे मांसाइतकाच कांदा तव्यावर दाबून भाजतात. मांस महाग आणि कांदा स्वस्त होता त्या ओढगस्तीच्या काळातली ही युक्ती आहे, आणि आता गावाचा तोच अभिमान आहे.

११. कोणत्या महिन्यात जावं?

इथे एक पेच आहे. सेमूरचा बर्गर उत्सव आणि हॅम्बर्गची जत्रा दोन्ही ऑगस्टमध्ये असतात, आणि लुईज लंच ऑगस्टमध्ये बंद ठेवण्याचा अनेक वर्षांचा रिवाज आहे. त्यामुळे उत्सव हवा की न्यू हेवन, हे आधी ठरवा. माझी शिफारस सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर, फक्त न्यू हेवनसाठी. तेव्हा कनेक्टिकटची झाडीही लाल-पिवळी व्हायला लागलेली असते. आठवड्यातले सुट्टीचे वारही निघण्याआधी तपासा. एका गावात मी तीन तास प्रवास करून बंद दारासमोर उभी राहिले आहे.

१२. बर्गरला गोल बन आणि आजचं रूप कुठे मिळालं?

टल्साचा घरगुती बन सोडला, तर कॅन्ससमधल्या विचिटात. वॉल्टर अँडरसनने तिथे १९१६ साली दुकान टाकलं. तो मांसाचा गोळा उलथन्याने तव्यावर दाबून पातळ करायचा, कांद्याबरोबर भाजायचा आणि खास बनवून घेतलेल्या बनमध्ये द्यायचा. १९२१ साली बिली इंग्रॅमबरोबर त्याने "व्हाइट कॅसल" सुरू केलं. किंमत पाच सेंट, आणि ती वीसहून अधिक वर्षं तशीच राहिली.

नावात "व्हाइट" का, हे समजून घेण्यासारखं आहे. १९०६ साली शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण एका कादंबरीमुळे देशासमोर आली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. खिम्यात काय मिसळलं आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक बिचकायचे. या दोघांनी दुकान पांढरंशुभ्र ठेवलं, गिऱ्हाइकासमोर भाजायला सुरुवात केली, माणसांना स्वच्छ गणवेश दिले. त्याआधी बर्गर म्हणजे जत्रेतलं, गाडीवरचं खाणं होतं. मध्यमवर्गाने तो खायला घेतला तो या विश्वासावर. माझ्या मते बर्गरच्या इतिहासातलं हे सगळ्यांत मोठं वळण आहे, आणि प्रवासी त्याकडेच दुर्लक्ष करतात. विचिटातलं मूळ दुकान आता नाही. कंपनी १९३४ पासून ओहायोतल्या कोलंबसमध्ये आहे.

१३. मॅकडॉनल्ड्सचं पहिलं दुकान कुठलं? तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात.

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडॉनल्ड या भावांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत १९४० साली दुकान काढलं, १९४८ साली मेनू नऊ पदार्थांवर आणला आणि १५ सेंटांचा बर्गर झटपट देण्याची पद्धत बसवली. ती इमारत नाही, पण त्या जागी एक अनधिकृत संग्रहालय आहे. त्यांच्याच नावाने दुकानं काढणाऱ्या रे क्रॉकने १९५५ साली शिकागोजवळ डे प्लेन्सला आपलं पहिलं दुकान उघडलं आणि १९६१ साली भावांकडून सगळा व्यवसाय २७ लाख डॉलरना विकत घेतला. डे प्लेन्सला पुढे उभारलेली प्रतिकृतीही आता पाडली आहे. आज उभं असलेलं सर्वांत जुनं दुकान म्हणजे लॉस एंजेलिसजवळच्या डाउनीमधलं, १९५३ सालचं, पिवळ्या कमानींसह. लॉस एंजेलिसला असाल तर तेच पाहा.

१४. चीजबर्गर कोणाचा?

हाही वाद आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या लायनेल स्टर्नबर्गरने १९२० च्या दशकात पॅटीवर चीज ठेवलं, असं सांगतात. डेन्व्हरच्या लुई बॅलास्टने १९३५ साली नावाचा हक्क मागितला, आणि तिथे एक छोटा स्मारकदगड आहे.

१५. आम्ही गोमांस खात नाही. या प्रवासाला अर्थ आहे का?

आहे. बालिनश्टाट, शिकागोची कमान, डाउनीचं दुकान, न्यू हेवनच्या शेगड्या, हे सगळं काही न खाता पाहता येतं. लुईज लंचमध्ये पोटॅटो सॅलड आणि पाय मिळतो. गर्दीच्या वेळी नुसतं बघायला जागा अडवू नका, एवढंच.

व्हाइट कॅसलमध्ये २०१८ पासून वनस्पतिजन्य पॅटीचा छोटा बर्गर मिळतो. कडक शाकाहारी किंवा जैन असाल तर तवा आणि उलथनं वेगळं आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा, कारण पॅटी शाकाहारी असली तरी बऱ्याचदा तवा एकच असतो. हलाल पाळणाऱ्यांनी जुन्या दुकानांत ते मिळेल असं गृहीत धरू नये.

१६. आई-वडिलांना आत थोडी लालसर राहिलेली पॅटी चालेल का?

वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती देऊ नका. अखंड मांसाच्या तुकड्यावरचे जंतू बाहेरून भाजले की मरतात, पण खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात. अमेरिकी सरकारचा सल्ला खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवण्याचा आहे. लुईज लंचमध्ये साधारणपणे मध्यम कच्चा देतात. पूर्ण शिजवलेला हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

१७. वडापाव म्हणजे भारतीय बर्गरच ना?

मला हे म्हणणं पटत नाही. वडापाव बर्गरची नक्कल म्हणून जन्मला नाही. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला, "पाव" आणि "बटाटा" हे दोन्ही शब्दही त्यांचेच. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. मॅकडॉनल्ड्स भारतात आलं ते १९९६ साली, आधी दिल्लीत आणि मग मुंबईत, आणि गोमांसाशिवाय. म्हणजे वडापाव त्याच्या तीस वर्षं आधीचा.

साम्य आहे ते वेगळंच. दादर-परळच्या गिरण्यांतली पाळी आणि प्रॉव्हिडन्सची रात्रपाळी, दोन्हीकडे माणसाला लोकल किंवा भोंगा गाठायचा होता आणि ताट नव्हतं. दोन्हीकडे तळलेलं-भाजलेलं काहीतरी पावात गेलं. नातं रक्ताचं नाही, भुकेचं आहे.

१८. जपानमध्ये "हॅम्बर्ग" मागवला तर पाव आलाच नाही. चूक झाली का?

चूक नाही. जपानीत दोन वेगळे शब्द आहेत. "हांबागा" म्हणजे पावातला बर्गर, आणि "हांबागु" म्हणजे ताटात सॉसबरोबर, बहुधा भातासोबत वाढलेली पॅटी. दुसऱ्या उत्तरात सांगितलेला न्यूयॉर्कच्या खाणावळीतला ताटातला हॅम्बर्ग स्टेक अमेरिकेत मागे पडला, पण जपानी घराघरांत तो आजही रोजचा आहे. त्यात बऱ्याचदा गाय आणि डुक्कर या दोन्हींचा खिमा एकत्र असतो, तेव्हा तेही विचारून घ्या.